चेंडूपासून बारा पावलांवर: इंदूरचे तीन दिवस

बास्केटबॉलच्या मैदानावर दहा खेळाडू असतात आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला पंच दोनच. चेंडू एका कोपऱ्यात असताना दुसऱ्या कोपऱ्यात एखाद्याने कोणाला जाणूनबुजून मारले, तर ते दोघांपैकी कोणाला दिसायला हवे, आणि दिसावे म्हणून त्याने कुठे उभे राहायला हवे? हा प्रश्न मनात ठेवून मी गेल्या जानेवारीत इंदूरला गेलो. नियमपुस्तकात त्याचे उत्तर आहे आणि ते मला पाठ होते. तरीही जाऊन आल्यावर हा मजकूर लिहावा लागतो आहे, याचे कारण पुढे येईलच.

मी सांगलीच्या एका शाळेत भूमिती शिकवतो. पंधरा वर्षांपासून शाळांच्या बास्केटबॉल सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो. आमच्याकडे दुसरा पंच सहसा मिळत नाही, त्यामुळे सगळे मैदान मी एकट्यानेच सांभाळत आलो आहे. इंदूरच्या एका स्पर्धेला बाहेरगावचा, कोणत्याही संघाशी संबंध नसलेला पंच हवा होता, आणि एका परिचितांनी माझे नाव सुचवले. उतरण्याची सोय स्थानिक पंच दिगंबर शेवगावकर यांच्या घरी, जुनी इंदूर या भागात केली होती.

पहिला दिवस

स्टेशनवरून मी टेम्पोत बसलो. तिथला टेम्पो म्हणजे तीन चाकांची, समोरासमोर दोन बाकांची, धूर सोडत जाणारी गाडी. चालक थांब्यांची नावे ओरडत होता आणि त्यांतली निम्मी नावे कापड गिरण्यांची होती. गिरण्या बंद, फाटकांना साखळ्या, तरी थांबे त्यांच्याच नावाने चालू. मला सांगितलेले नाव ऐकून मी उतरलो आणि एका गिरणीच्या मागच्या फाटकाशी पोहोचलो. पुढच्या फाटकाचा थांबा वेगळा होता. पुन्हा दुसरा टेम्पो धरला.

शेवगावकर दारातच उभे होते. पन्नाशीचे, उंच, किंचित वाकलेले. "या, या कुलकर्णीजी! मागच्या गेटला उतरला ना? सगळे तिथेच उतरतात. बिलकुल फिकर नका करू, हात-पाय धुवा, पोहे तयार होऊन राहिलेत."

इंदूरच्या मराठी माणसांची बोली अशी आहे. क्रियापदे आपली, पण मधले शब्द हिंदी, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. तीन पिढ्यांपूर्वी कारकुनीच्या निमित्ताने शेवगावकरांचे घर इथे आले. ते स्वतः एका गिरणीच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी विभागात होते. ती गिरणी बंद होऊन दीड वर्ष झाले होते.

पोहे आमच्यासारखे फोडणीत परतलेले नव्हते, वाफवलेले होते. वर बारीक शेव, बडीशेप आणि जिरावण नावाचा आंबट-तिखट मसाला, आणि बशीच्या कडेला जिलेबी. मी म्हटले, "आमच्याकडे ओले खोबरे घालतात." वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अन् शेव?" मी म्हटले, शेव नाही. "मग ते आजारी माणसाचे पोहे झाले, भावजी." शेवगावकर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

दुपारी मैदान पाहायला गेलो. मिल वस्तीच्या कडेला सिमेंटचे मैदान, दोन्ही बाजूंना बसायला बुटकी भिंत. जवळच्या खांबांवर दूरदर्शन संचांच्या आणि नव्या शीतपेयांच्या जाहिराती रंगवलेल्या होत्या. वाटेत भंवरकुआं चौकावरून गेलो तेव्हा कोचिंग क्लासच्या पाट्या मोजायचा प्रयत्न केला आणि चाळीसनंतर सोडून दिला. एका बाजूला फाटके बंद होत होती, दुसऱ्या बाजूला पाट्या लागत होत्या. माझे निरीक्षण एवढेच, निष्कर्ष काढण्याइतके दिवस मी तिथे नव्हतो.

शेवगावकरांच्या गिरणीचा संघ अजून खेळत होता. गिरणी नव्हती, पण बनियनवर तिचे नाव होते. त्यांचा सर्वांत उंच खेळाडू ओमप्रकाश, सगळे त्याला ओमी म्हणत. वय चोवीस. गिरणीने त्याला खेळाडू म्हणून कामावर घेतले होते आणि बाकीच्यांबरोबर त्याचीही नोकरी गेली होती. एका सरकारी खात्याचे दोन निवडकर्ते या स्पर्धेला आले होते. त्यांना आपल्या संघासाठी दोन माणसे घ्यायची होती आणि निवड म्हणजे कायम नोकरी. ते पहिले दोनच दिवस थांबणार होते. पहिल्या दिवशी ओमीच्या संघाचा सामना नव्हता. म्हणजे त्याच्या हातात एकच सामना होता, दुसऱ्या दिवशीचा. हे मैदानावर प्रत्येकाला ठाऊक होते. चहावाल्यानेही मला न विचारता सांगितले.

संध्याकाळी निघताना आयोजकांपैकी एक गृहस्थ माझ्या जवळ आले. आवाज खाली घेऊन म्हणाले, "सर, उद्या मिलच्या मॅचला तुमच्याबरोबर शेवगावकरजी आहेत. ते मिलचेच. जरा ध्यान ठेवा." मी मान हलवली. ज्यांच्या घरी जेवणार होतो त्यांच्याविषयी हे ऐकून घेतले.

दुसरा दिवस

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. दोन पंचांपैकी एक पुढे, बास्केटच्या खाली, मैदानाच्या अंत्यरेषेवर उभा असतो. त्याला पुढचा पंच म्हणू. दुसरा खेळाच्या मागे, मध्यरेषेच्या बाजूला, थोडा डावीकडे असतो. तो मागचा पंच. चेंडू ज्याच्या भागात असेल त्याने चेंडू पाहायचा. दुसऱ्याने चेंडूकडे पाहायचेच नाही, चेंडू नसलेल्यांना पाहायचे. सांगायला सोपे आहे. करताना मानेला सतत आवर घालावा लागतो, कारण मैदानावरचा प्रत्येक डोळा चेंडूच्या मागे धावत असतो आणि आपला डोळाही त्यांतलाच.

सामना सकाळी दहाला सुरू झाला. समोर शहरातल्या एका क्लबचा संघ होता. ओमी सुरेख खेळत होता. चेंडू हातात नसतानाही तो जागा धरून उभा राहायचा आणि समोरच्याला हलू द्यायचा नाही. निवडकर्ते टेबलाशेजारी खुर्च्यांवर बसून वहीत काही टिपत होते.

सातव्या मिनिटाला मी मागचा पंच होतो आणि चेंडू माझ्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात गेला. तिथे अंत्यरेषेवर शेवगावकर होते. चेंडू त्यांचा होता. माझे काम डावीकडे, जिथे ओमी आणि क्लबचा आठ नंबर एकमेकांना खेटून उभे होते. पण मी शेवगावकरांकडे पाहत होतो. मिलच्या खेळाडूने रेषेवर पाय दिला तर ते शिट्टी वाजवतात की नाही, हे मला पाहायचे होते. त्यासाठी मी चार पावले उजवीकडेही सरकलो.

डावीकडून एक हुंकार ऐकू आला. मी वळलो. ओमीने दोन्ही हातांनी आठ नंबरला ढकलले होते आणि तो सिमेंटवर आडवा पडला होता. चेंडू तिथून बारा पावले दूर होता, म्हणजे खेळाचे निमित्तही नव्हते. मी शिट्टी वाजवली आणि ओमीला सामन्याबाहेर काढले. अशा फाऊलला दोन फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता बास्केटवर दोन नेम, आणि वर पुन्हा चेंडू समोरच्या संघाला. तीनही गोष्टी मी नियमाप्रमाणे केल्या.

ओमी मैदानाबाहेर गेला. त्याने बरगडीवर हात धरला होता. भिंतीवर बसलेले लोक ओरडू लागले. त्यांच्या बोलीत भिया म्हणजे भाऊ आणि नी म्हणजे नाही.

"अरे भिया, मास्टरजी को चश्मा दिलवाओ!"

"चश्मा है भिया, गर्दन नी है!"

निवडकर्त्यांपैकी एकाने वही मिटली. मिलचा संघ चौदा गुणांनी हरला.

सामना संपल्यावर चहाच्या टपरीपाशी साठीचे एक गृहस्थ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. धोतर, वर स्वेटर, कानाला मफलर. शेवगावकरांनी ओळख करून दिली, "हे भागीरथजी. आमच्या मिलमध्ये बुनकर होते. तीस वर्षं साचे चालवले." साचे म्हणजे माग.

भागीरथजी म्हणाले, "साब, आठ नंबर ने कोहनी मारी पेले. पसली में. दो बार. पेली बार तो ओमी सह गया."

मी विचारले, "तुम्ही चेंडूकडे पाहत नव्हता?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी काहीतरी लहान मुलासारखे विचारले होते. "बॉल को काय को देखूँ? साचे पे शटल को कोई देखता है क्या? शटल तो आती-जाती रेती है. उसको देखोगे तो इधर सूत टूट जाएगा और मालूम भी नी पड़ेगा, गज भर कपड़ा खराब. अपन तो ताने पे नजर रखते हैं. जहाँ शटल नी है, वहाँ."

शटल म्हणजे आपला धोटा, ताना म्हणजे मागावर ताणलेले उभे सूत. आवाजाच्या गदारोळात दोन-दोन मागांच्या मधल्या बोळात उभे राहून या माणसाने तीस वर्षे हेच केले होते: पळणाऱ्या वस्तूकडे न पाहणे. मी पंधरा वर्षे मैदानावर होतो आणि मला ते येत नव्हते.

पण सांगणारा मिलचा माणूस होता. पंचाने जे पाहिले नाही ते लिहू नये, हेही मला माहीत होते. खेळाडूला बाहेर काढले की पंचाला लेखी अहवाल द्यावा लागतो. तो दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत द्यायचा होता. त्यावरून समिती ठरवणार होती की ओमीने तिसऱ्या दिवशी खेळायचे की नाही. शिवाय निवडकर्त्यांनी त्याची प्रत मागितली होती. ते त्याच संध्याकाळी परत जाणार होते, प्रत मागाहून टपालाने पाठवायची होती. अहवालात मी काय लिहितो यावर त्या मुलाची नोकरी टेकली होती.

घरी वहिनींनी दाल-बाफले केले होते. बाफले म्हणजे आधी उकडून मग शेकलेले कणकेचे गोळे, तुपात बुडवलेले. मी दीड खाल्ला. वहिनी म्हणाल्या, "सांगलीचे लोक एवढंच जेवतात का हो?" शेवगावकर म्हणाले, "राहू दे, त्यांचं पोट आज दुसऱ्याच गोष्टीनं भरलंय."

जेवण झाल्यावर मी त्यांना म्हटले, मला मैदानावर जायचे आहे, एक गोष्ट तपासायची आहे. दुपारी दोन ते चार सामने नव्हते. त्यांनी न विचारता चपला घातल्या. वाटेत भागीरथजींना घेतले. ओमी मैदानावरच होता, भिंतीला टेकून एकटा बसला होता.

मी खिशातून खडू काढला. सकाळी मी जिथे उभा होतो तिथे फुली केली. भागीरथजी म्हणाले, "और दो हात सीधी तरफ थे आप." शेवगावकर त्यांना दुजोरा द्यायला संकोचत होते, म्हणून मी स्वतःच फुली उजवीकडे सरकवली. मग ओमीला त्याच्या जागी उभे केले आणि आठ नंबरच्या जागी शेवगावकरांना. मधे आणखी एक खेळाडू होता, तिथे भागीरथजी उभे राहिले.

"आता कोपर मारा," मी म्हटले.

शेवगावकरांनी हळूच मारले. फुलीवरून मला त्यांची पाठ दिसली, भागीरथजींचे मफलर दिसले. कोपर दिसले नाही. पुन्हा मारायला सांगितले. दिसले नाही. मग मी चार पावले डावीकडे गेलो, जिथे नियमाप्रमाणे मी असायला हवे होते. तिथून दोघांच्या मधली फट वहीतल्या रेघेसारखी स्वच्छ दिसली आणि त्या फटीत जाणारे कोपरही. शाळेत मी मुलांना शिकवतो तेच इथे होते. दोन माणसे ज्या रेषेवर उभी असतील त्या रेषेला काटकोनात उभे राहिले तरच त्यांच्यामधले अंतर दिसते. त्या रेषेच्या टोकाकडे सरकत गेलो की दोन माणसांचे एक होते.

"थोडं जोरात मारा ना काका," ओमी म्हणाला. "सुबह जैसा."

"बस का रे! मला काय लायसन मिळालंय?" शेवगावकर म्हणाले, आणि तो दिवसभरात पहिल्यांदा हसला.

मी त्याला विचारले, "तुम्ही ढकललेत?"

"हाँ सर. धक्का तो मैंने दिया. झूठ नी बोलूँगा. दो बार सहा, फिर हाथ उठ गए."

प्रयोगाने एवढेच सिद्ध झाले की कोपर मारले असते तरी मला दिसले नसते. मारले हे सिद्ध झाले नाही. हा फरक मी तिथेच त्यांना समजावून सांगितला. भागीरथजी म्हणाले, "साब, आप तो कपड़े से भी ज्यादा बारीक बुनते हो." कौतुक होते की टोमणा, मला ठरवता आले नाही.

संध्याकाळी अहवाल लिहायला बसलो तेव्हा शेवगावकर शेजारी येऊन बसले. "असं करा कुलकर्णीजी, दोघांची गलती लिहा. दोघेही बॉल बघत होतो, असं. एकट्यावर कशाला घ्यायचं? तुम्ही पाहुणे."

"तुम्ही तुमच्या जागी होता," मी म्हटले. "चेंडू तुमचाच होता."

"ते खरं आहे. पण लिहायला काय जातं?"

मी लिहिले ते असे: खेळाडूने ढकललेले मी पाहिले आणि त्याबद्दलची कारवाई योग्य होती. त्याआधीचे काही क्षण मी पाहिले नाहीत. त्या वेळी चेंडू माझ्या भागात नसूनही मी चेंडूकडे पाहत होतो आणि माझ्या जागेपासून चार पावले दूर होतो. आधी कोपर मारल्याची तक्रार आहे, ती मी खरी किंवा खोटी ठरवू शकत नाही, आणि ठरवू शकत नाही याला मीच कारण आहे. सहपंच त्यांच्या जागी होते. आयोजकांनी दिलेल्या सूचनेविषयी, आणि मी खरे तर सहपंचाकडे पाहत होतो याविषयी, मी लिहिले नाही. तेव्हा वाटले, तो विषय अहवालाचा नाही. आता तसे वाटत नाही.

तिसरा दिवस

समितीने सकाळी अहवाल वाचून ओमीला खेळायला परवानगी दिली. सचिवांनी प्रत पाकिटात घातली, पत्ता लिहिला आणि पाकीट टेबलावर ठेवले. टेबलाशेजारच्या दोन खुर्च्या आता रिकाम्या होत्या.

तो सामना तिसऱ्या जागेसाठी होता. मी आणि शेवगावकर पुन्हा एकत्र. चेंडू त्यांच्या भागात गेला की मी मान मोडल्यासारखी वळवून दुसरीकडे ठेवत होतो. पहिली पाच मिनिटे फार कठीण गेली. नंतर एक वेगळाच सामना दिसू लागला. कोण कोणाचे बनियन धरतो, कोण कोणाच्या पायावर पाय ठेवतो, कोण नुसताच उभा राहून दम खातो. चेंडूपासून दूर घडलेले तीन फाऊल मी दिले. प्रत्येक वेळी भिंतीवरून ओरड झाली, "बॉल तो उधर है, मास्टरजी!" त्यांतला एक फाऊल ओमीवरच होता. त्याने समोरच्याचा हात काखेत दाबून ठेवला होता. त्याने लगेच हात वर करून कबूल केले.

मिलचा संघ जिंकला. ओमी इतका चांगला खेळला की समोरच्या संघाचे लोकही टाळ्या वाजवत होते. ज्यांनी पाहायला हवे होते ते गावी पोहोचले होते.

माझी बस संध्याकाळची होती. मधल्या वेळात शेवगावकर मला लालबागेत घेऊन गेले. तिथल्या राजवाड्याची दालने पाहून झाल्यावर आम्ही बाहेर हिरवळीवर बसलो. त्यांनी कागदात बांधून तळलेले गराडू आणले होते. ही एक कंदाची जात, थंडीतच मिळते. वर जिरावण होतेच. तिथे मी त्यांना आयोजकांची कुजबूज सांगितली आणि मी त्या क्षणी चेंडूकडे नाही, त्यांच्याकडे पाहत होतो, हेही सांगितले.

ते गराडूचा तुकडा काडीने उचलत होते. तो तसाच धरून म्हणाले, "मला माहीत होतं."

"कोणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? मीच तर त्यांना म्हटलं होतं ना, मिलच्या मॅचला माझ्याबरोबर बाहेरचा माणूस द्या. आपल्याच पोरांची मॅच आहे, हाताला कधी काय होईल, भरवसा नाही. म्हणून तर तुम्हाला बोलावलं." मग तुकडा तोंडात टाकून म्हणाले, "खा ना. थंड झालं की मजा नाही."

बसमध्ये बसवताना त्यांनी माझी पिशवी स्वतः वर ठेवली.

परत आल्यावर

दीड महिन्याने त्यांचे पत्र आले. निवडीची यादी लागली होती. ओमीचे नाव त्यात नव्हते. क्लबच्या आठ नंबरचे होते. अहवालाची प्रत यादी ठरण्याआधी पोहोचली की नंतर, याची त्यांनी चौकशी केली होती, पण नक्की उत्तर मिळाले नाही. मी स्वतः खात्याला पत्र लिहिले. त्याचेही उत्तर आलेले नाही. प्रत वेळेवर पोहोचली असती तरी यादी बदलली असती, असे मी म्हणू शकत नाही. निवडकर्त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी जे पाहिले ती माझी शिट्टी होती, हे मात्र म्हणू शकतो. ओमी आता इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका नव्या कारखान्यात ठेक्यावर काम करतो, असे पत्रात होते. तिथे चांगली यंत्रे आहेत, संघ नाही.

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. चेंडूपासून दूरचा फाऊल त्या पंचाला दिसायला हवा, ज्याच्या भागात चेंडू नाही. त्याने त्या खेळाडूंच्या रेषेला काटकोनात उभे राहावे. आणि सहपंचावर विश्वास ठेवावा, कारण विश्वास नसेल तर तो आपल्या जागेवर टिकत नाही, चेंडूच्या मागे सरकत जातो. या शेवटच्या भागाला नियमपुस्तकाचा आधार नाही.

तुमच्या गावात सामना असेल तर जाऊन पाहा. पहिली दहा मिनिटे चेंडूकडे पाहू नका, चेंडू नसलेल्या कोणत्याही दोन खेळाडूंकडे पाहा. आधी त्यांच्या रेषेच्या टोकाला, मग त्या रेषेच्या काटकोनात बसून. काय दिसले ते लिहून ठेवा, आणि माझे म्हणणे चुकीचे निघाले तर मला कळवा.